गॅलरीतले मिरे

"अहो, गॅलरीत मिरे कुणी सांडलेत?"

सकाळचे साडेसहा. कोथरूडमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. काकूंच्या हातात केरसुणी, काकांच्या हातात पेपर. काका उठून आले, तर तगरीच्या कुंडीभोवती खरंच पंधरा-वीस काळपट दाणे पडले होते. त्यांनी एक उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दाणा डोळ्यांशी नेला. मिऱ्याच्या अंगावर सुरकुत्या असतात, त्याही वाटेल तशा. याच्या अंगावर उभ्या खाचा होत्या, अगदी आखीव, सोऱ्यातून काढल्यासारख्या. काका तो दाणा नाकाकडे नेणार, तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. परवापर्यंत डवरलेली तगर शेंड्याकडून बोडकी झाली होती. पानं गेली होती, मधल्या शिरा तेवढ्या काट्यांसारख्या उभ्या होत्या. काकांनी दाणा टाकला आणि काही न बोलता बेसिनकडे गेले.

"मिरे नाहीत ते," हात धुता धुता त्यांनी जाहीर केलं.

पावसाळा लागला की महाराष्ट्रातल्या शहरांत, जिथे जिथे कुंडीत तगर आहे तिथे तिथे, हा संवाद थोड्याफार फरकानं होतोच. कुठे मिऱ्याऐवजी मोहरी असते, कारण अळी अजून लहान असते. अळीच्या लेंडीवरून तिचं वय सांगता येतं; आज मोहरी, चार दिवसांनी बाजरी, आठवड्यानं मिरे. मसाल्याच्या डब्यातून चढत जाणारी ही भाजणी ज्यानं एकदा पाहिली, त्याला कीटकशास्त्राच्या पुस्तकाची गरज उरत नाही. अळी शोधायची तर पानं चाळत बसायचं नसतं, फरशी बघायची असते. लेंडी जिथे पडली तिथून गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ रेघ वर न्यायची. त्या रेघेवर चोर बसलेला असतो.

बसलेला असतो, पण दिसत नाही. काका दहा मिनिटं ओळंबा लावून उभे होते. मग काकू केरसुणी टेकवून आल्या आणि म्हणाल्या, "ही काय, तुमच्या नाकासमोर." फांदीला उलटी चिकटलेली, तगरीच्याच हिरव्या रंगाची, करंगळीपेक्षा जाड आणि मधल्या बोटाएवढी लांब. अंगाच्या दोन्ही बाजूंना एक पांढरी रेघ आणि तिच्या कडेनं रांगोळीचे असावेत तसे पांढरे ठिपके. मागच्या टोकाला एक छोटं पिवळसर शिंग. हे शिंग पाहून माणसं घाबरतात, पण ते डसत नाही, टोचत नाही. अळीला शिंग असून उपयोग नाही.

काकांनी पेन्सिलीच्या टोकानं तिला जरासं ढोसलं आणि तिनं डोकं आत ओढून घेतलं. मान फुगली आणि त्या मानेवर दोन मोठे निळे डोळे उघडले. आकाशी रंगाचे, मधे पांढरट, भोवती काळी कड. तीस वर्षं बँकेत काढलेला, लेखापरीक्षकांच्या नजरेला नजर दिलेला माणूस दोन पावलं मागे सरला. ते डोळे खोटे असतात. अळीचे खरे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढे, एकेका बाजूला सहा-सहा असतात आणि त्यांतून तिला उजेड-अंधारापलीकडे फारसं काही कळत नाही. म्हणजे जे बारा डोळे बघतात ते कुणाला दिसत नाहीत आणि जे दोन दिसतात ते काही बघत नाहीत.

मग फोटो काढला गेला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. दहा मिनिटांत निदान आलं. 'विषारी आहे.' 'नागाची एक जात असते अशी.' 'मीठ टाका.' 'मीठ गोगलगाईला टाकतात.' कुणीतरी सुप्रभात घातलं. आणि शेवटी बी विंगमधून, दोन जोडलेल्या हातांसह: 'कृपया मारू नका. तिचं फुलपाखरू होईल.'

या शेवटच्या संदेशाचा जरा विचार करायला हवा. सुरवंटाचं फुलपाखरू होतं, हे मराठी माणूस बालवाडीत शिकतो आणि पुढे आयुष्यभर व्याख्यानमालांतून ऐकतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना तर हा सुरवंट फुकटात राबणारा वक्ता मिळाला आहे. पण हिशेब वेगळं सांगतो. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या घरात आणि पतंगांच्या दहा हजारांच्या वर. समोर आलेली अळी फुलपाखराची निघण्याची शक्यता दहात एखादी. बाकीच्या नऊ मोठेपणी पतंग होतात, रात्री ट्यूबलाइटवर आदळतात आणि काकूंच्या वरणाच्या पातेल्यात पडतात. त्यांच्यावर कुणी व्याख्यान देत नाही.

अपवाद कढीपत्त्याचा. कढीपत्ता आणि लिंबू खाणाऱ्या अळ्या बहुधा फुलपाखरांच्याच असतात. आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या काळ्या-पांढऱ्या, मग एकदम पोपटी. 2015 मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, तेव्हा तिची पोरं लिंबाच्या आणि बेलाच्या पानांवर वाढतात, हे लिंबू लावणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुंडीतल्या लिंबावर अशी अळी दिसली, तर ती चिमटीत धरावी की तिला सलाम करावा, हा प्रश्न उरतोच.

तगरीवरची मात्र नक्की पतंगाची. इंग्रजीत ऑलिअँडर हॉक मॉथ, शास्त्रात डॅफ्निस नेराय. नावाप्रमाणे तिचं मूळ खाणं कण्हेर. तगर आणि सदाफुली ही भावकी. या तिन्ही झाडांना गाय-बकरी तोंड लावत नाही. कण्हेर तर पोटात गेली की हृदयावरच घाला घालते. म्हणूनच हमरस्त्यांच्या दुभाजकांवर ती लावतात. गुरं खात नाहीत, धूर सोसते. आणि ज्या पानांना सगळी सृष्टी वचकून असते, ती ही बया पोळीभाजीसारखी खाते. विष तिला बाधत नाही.

हिचा मोठेपणचा अवतार पाहिला की मागचं सगळं माफ करावंसं वाटतं. हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या लाटांचे पंख, लष्करी गणवेश कुणीतरी जलरंगांत काढावा तसे. या कुळातले पतंग तिन्हीसांजेला फुलासमोर हवेत एका जागी थांबून, लांब सोंड घालून मध पितात. पंख इतक्या वेगानं फिरतात की नुसता धूर दिसतो. त्यामुळे दर वर्षी कुणी ना कुणी मोबाइलवर टिपतो आणि 'आमच्या बागेत हमिंगबर्ड आला' असं कळवतो. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाही. अनंताच्या झाडाचा फडशा पाडणाऱ्या अळीचा पतंग तर याहून बिलंदर. त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक, आणि तो भर दिवसा हा खेळ करतो.

तर काकांचं घर. शोध घेतल्यावर तगरीवर एक नव्हे, पाच निघाल्या. आणि एकदा नजर बसल्यावर बाकीची गॅलरीही बोलू लागली.

लिलीच्या कुंडीत तर आख्खी पंगत बसली होती. लिलीवरची अळी एकेकटी जेवत नाही. काळी, अंगावर पांढरे आणि शेंदरी ठिपके, लग्नातल्या बँडवाल्यांसारख्या रंगीत कपड्यांत पंधरा-वीसजणी एका पानात शिरतात आणि जाड पान आतून पोखरत बुडख्यापर्यंत उतरतात. लपण्याची त्यांना गरज वाटत नाही. लिलीचं विष अंगात मुरलेलं असल्यानं 'खाऊन बघ' असा त्यांचा पक्ष्यांना सरळ निरोप असतो. हीच मंडळी कळलावीही फस्त करतात.

टोमॅटोच्या आणि फ्लॉवरच्या पानांना भोकं होती, पण तिथे कुणीच नव्हतं. ही तंबाखूवरच्या अळीची करणी. दिवसा ती मातीत, कुंडीच्या कडेला गुंडाळी करून पडते आणि रात्री कामाला निघते. शेकड्यांनी अंडी एका जागी घालून त्यांवर आपल्या अंगचे भुरे केस पसरणारी ही मातोश्री. पिकांची यादी म्हणाल तर शंभराच्या वर. तिला गाठायचं तर रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जावं लागतं. काका गेलेही. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी तिसऱ्या मजल्यावर फिरणारा उजेड पाहून वॉचमनला फोन केला, तो भाग इथे वगळू.

आणि गुलाबाच्या काटकीला लोंबणारी, काड्यांची जुडी वाटावी अशी एक वस्तू. ती काकूंनी कचरा समजून दोनदा उपटली होती. तीही अळीच. आपल्याच रेशमानं काड्या बांधून घर करते आणि ते पाठीवर घेऊन खात हिंडते. यांतल्या पुष्कळ जातींत मादीला पंखच फुटत नाहीत. तिचं माहेर, सासर आणि बाळंतपण त्याच पिशवीत.

कोकणात, घाटमाथ्यावर किंवा गावाकडं परसात शेवगा असलेल्या वाचकाला हे सगळं पोरखेळ वाटेल, आणि बरोबर आहे. शेवग्यावरच्या सुरवंटांचा मेळा ज्यानं पाहिला त्याला पाच अळ्यांचं काय कौतुक! पावसाळ्यात दिवसा ते खोडावर एकमेकांना चिकटून असे बसतात की खोडानं घोंगडी पांघरली आहे असं वाटतं. ती घोंगडी मधूनच हलते. रात्री वर चढून पानं ओरबाडतात, सकाळी पुन्हा खाली. जुना उपाय म्हणजे काठीला चिंध्यांचा बोळा बांधून, पेटवून, खोडावरून फिरवणं. केस अंगाला लागले की आग होते; तिथे खाजवायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढायची म्हणजे केस निघून येतात. दारात शेवगा नको, घराला लाभत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. त्या न लाभण्यात या सुरवंटांचा वाटा मोठा असावा, अशी दाट शंका येते.

काकांनी रविवारी निंबोळी अर्क करायला घेतला. शेतकी पत्रिकांत प्रमाण छापलेलं असतं: 5 टक्के अर्कासाठी 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी. काकांकडे दोन लिटरची फवारणीची बाटली होती. म्हणजे 100 ग्रॅम. दुकानातून निंबोळ्या आल्या, रात्रभर भिजल्या, वाटल्या, फडक्यातून गाळल्या, त्यात साबणाचं पाणी पडलं, तगर न्हाली. काकांनी घड्याळ पाहिलं. अळी खात होती. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. खात होती. कडुनिंबाचं औषध बंदुकीसारखं काम करत नाही. ते अळीची भूक मारतं आणि कात टाकण्यात खोडा घालतं. त्याला दोन-चार दिवस लागतात. पण मुख्य प्रश्न दुपारी जेवताना उपटला.

"निंबोळ्या कशात वाटल्या?" चटणीचं बोट चाटून काकूंनी विचारलं.

काकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"माझ्या चटणीच्या भांड्यात?"

त्यानंतर तीन आठवडे त्या घरात शेंगदाण्याची, खोबऱ्याची, कारळाची, प्रत्येक चटणी कडुनिंबाची लागत होती. अळ्यांवर काय परिणाम झाला ते सांगता येत नाही. काकांची भूक मात्र कमी झाली.

दुसरा उपाय नर्सरीवाल्यानं सांगितला: बीटीची भुकटी. मातीतला एक जिवाणू. तो अळीच्या पोटात गेला की तिच्या आतड्याला भोकं पाडतो; माणसाच्या पोटाला त्याचं काही नाही. याची जन्मकथा मजेची आहे. 1901 साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी तो शोधला तो मेलेल्या रेशीमकिड्यांत, म्हणजे रेशीम उद्योगाचा वैरी म्हणून. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात पिठाच्या पतंगाच्या अळीत तो पुन्हा सापडला आणि एर्न्स्ट बर्लिनर यांनी त्याला त्या प्रांताचं नाव दिलं. पुढे त्याचीच जनुकं कापसात घातली गेली आणि 2002 मध्ये भारतात बीटी कापूस आला. जो एका पिकाचा काळ, तोच दुसऱ्याचा राखणदार.

कापसाचं नाव निघालं की हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. गॅलरीत अळी आली तर तगर जाते. यवतमाळात आली तर वर्ष जातं. गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं आतून पोकळ निघाली. लगेच पुढच्या वर्षी मक्यावर अमेरिकन लष्करी अळी उतरली. 2018 मध्ये आधी कर्नाटकात दिसली आणि काही महिन्यांत महाराष्ट्रात. तिच्या कपाळावर उलटा वाय असतो आणि पाठीच्या शेवटी चौकोनात चार ठिपके; मका लावणाऱ्या गावात शाळकरी पोरालाही ही खूण पाठ असते. शेतकऱ्यानं अळ्यांना दिलेली नावं बघावीत. पाठीची कमान करून चालते ती उंट अळी, हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून बसते ती घाटे अळी, टोळीनं येते ती लष्करी. शहरातल्या माणसाला सगळ्या नुसत्या 'ईऽऽ'.

कृषी खात्याच्या मराठीनंही इथे बाजी मारली आहे. मादी पतंगाच्या गंधाची गोळी लावून नराला पकडण्याचं जे प्लॅस्टिकचं नरसाळं शेतात टांगतात, त्याला सरकारी पत्रकात शब्द आहे 'कामगंध सापळा'. परिपत्रकांच्या रुक्ष वाळवंटात कालिदासानं येऊन एक ओळ लिहून जावी तसा! सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ नर पडले की समजायचं, बोंडअळीचा बंदोबस्त करायची वेळ आली. या गंधाचा पहिला छडा 1959 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनान्ट यांनी लावला. त्यासाठी त्यांना रेशमाच्या पाच लाख मादी पतंगांच्या गंधग्रंथी काढाव्या लागल्या, आणि हाती लागले काही मिलिग्रॅम. पाच लाख माद्या एकत्र करूनही चिमूटभर अत्तर होत नाही, पण त्यातला कण नराला दुरून खेचून आणतो.

मोसंबीच्या बागांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे अळी नव्हे, खुद्द पतंगच गुन्हेगार. रात्री येऊन तो सोंडेनं पिकत्या फळाला भोक पाडतो आणि रस पितो. सकाळी फळं गळून खाली. त्याचं बालपण मात्र मोसंबीवर जातच नाही, ते जातं बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणून जालन्याच्या बागायतदाराला सल्ला मिळतो, बागेभोवतीची गुळवेल काढा. आणि करोनाच्या काळात पुण्या-मुंबईच्या घरोघरी काढ्यासाठी कुंडीत लावली गेली ती गुळवेलच. त्यावर पुढे प्रश्नचिन्हासारखी वाकडी बसलेली, अंगावर मोठे डोळे असलेली अळी दिसली, तेव्हा पुष्कळांना पुन्हा काढ्याची गरज वाटली.

पक्षी खातील की, असंही काकांना कुणी म्हणालं. खातात. शिंपी, दयाळ, बुलबुल, भारद्वाज सगळे खातात. पण केसाळ सुरवंटाला बहुतेक पक्षी तोंड लावत नाहीत. त्याचे खरे गिऱ्हाईक कोकिळेच्या कुळातले. 'पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याला हाका मारणारा पावशा, आणि कवींनी ज्याला ढगातल्या थेंबावर जगवलं तो चातक. चोच वर करून मेघाची वाट बघणारा तो विरही जीव प्रत्यक्षात खाली बघत असतो, आणि काटेरी सुरवंट दिसला की त्याला फांदीवर घासूनपुसून गिळतो. तहान पावसाच्या थेंबानं भागत असेल, पण जेवण मांसाहारी.

संतांच्या दाखल्याचंही तसंच. कुंभारीण माशी अळी उचलून मातीच्या घरट्यात कोंडते, भोवती गुणगुणत राहते. अळी भीतीनं तिचंच ध्यान करता करता तद्रूप होते आणि एक दिवस घरट्यातून माशी होऊन बाहेर येते. कीर्तनात हा दृष्टान्त अजून रंगतो. घरट्यातून माशी बाहेर येते हे खरं आहे. फक्त ती अळीची झालेली नसते. कुंभारणीनं डंख मारून अळीला लुळी केलेली असते, शेजारी आपलं अंडं घातलेलं असतं आणि त्यातलं पोर ती ताजी शिदोरी खाऊन वाढलेलं असतं. तद्रूप झाली म्हणायचं तर पचनाच्या वाटेनं.

कारवारला मात्र एका माणसानं अळ्यांचं खरोखरीच ध्यान केलं. टी. आर. बेल हे जंगल खात्यातले अधिकारी. निवृत्तीनंतरही ते विलायतेला न परतता तिथेच राहिले. रानातून अळ्या आणायच्या, त्यांचं झाड ओळखायचं, घरी पाळायच्या, कोष होईपर्यंत आणि त्यातून पतंग निघेपर्यंत टिपणं करायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मेजर स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी याच हॉक मॉथ कुळावर लिहिलेला ग्रंथ 1937 साली निघाला. काकांची तगर जिनं बोडकी केली तिची कुंडली त्यात आहे. अलीकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हौशी मंडळी रानात, फार्महाउसवर पांढरी चादर ताणून त्यावर दिवा सोडतात आणि रात्रभर पतंग मोजत बसतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गावात पुन्हा पडद्यावरचा सिनेमा आला.

तिकडे गडचिरोली-भंडाऱ्याकडे तर सगळा मामलाच उलटा. तिथे अळी झाडावर मुद्दाम सोडतात. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या, तिथल्या बोलीत कोशाच्या, हिरव्यागार अळ्या पानं खात असतात आणि खाली माणूस गलोल घेऊन पक्षी हाकत बसलेला असतो. पानं संपली तर अळ्या उचलून दुसऱ्या झाडावर नेतो. त्या माणसाला जर कुणी सांगितलं, कोथरूडला अळी दिसली की लोक निंबोळ्या वाटतात, तर तो गलोल आपल्याकडे वळवेल. तुतीवरच्या रेशीमअळीचा रुबाब याहून मोठा. अंड्यातून निघाल्यापासून पंचविसेक दिवसांत ती आपलं वजन दहा हजार पट करते. तीन किलोचं बाळ महिन्याच्या आत तीस टनांचं व्हावं तसं. मग तोंडातून एकच धागा काढते, पाऊण-एक किलोमीटरचा. शास्त्राच्या भाषेत रेशीमग्रंथी म्हणजे बदललेल्या लाळग्रंथी.

ही माहिती काकांनी रात्री जेवताना दिली. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे माझी पैठणी..."

"अळीची लाळ," काका म्हणाले. चटणीच्या भांड्याचा हिशेब त्यांच्या मनात अजून चुकता झालेला नव्हता.

एव्हाना पाचांतल्या चार अळ्या काकांनी मारल्या नव्हत्या, आणि ठेवल्याही नव्हत्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यांनी त्या आत घातल्या, सोबत तगरीची चार पानं दिली, आणि रात्री नऊनंतर पाय मोकळे करायच्या निमित्तानं मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. दुभाजकावर कण्हेर फुलली होती. महापालिकेची कण्हेर, तिची पानं कुणी मोजत नाही. सिग्नल लाल झाल्यावर ते दुभाजकावर चढले. तेवढ्यात सकाळच्या हास्यक्लबातले एक गृहस्थ स्कूटरवरून थांबले.

"काय हो, प्रसाद वाटताय का?"

"हो," काका म्हणाले, "संपला." आणि डबा पाठीमागे धरला.

डबा भरताना पाचवी सापडलीच नव्हती. ती सापडली तीन दिवसांनी, हॉलमध्ये, आणि ओळखू येईना. हिरवा रंग जाऊन ती कळकट तपकिरी झाली होती आणि सोफ्याखालून भिंतीच्या कडेकडेनं लगबगीनं चालली होती, उशीर झालेल्या माणसासारखी. खाणं संपलं की ही अळी झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात शिरून कोष करते. तिसऱ्या मजल्यावर पाचोळा कुठला? पण काकांच्या खुर्चीमागे तीन महिन्यांची पेपरची रद्दी होती. ती त्या गठ्ठ्यात शिरली. रद्दीवाला शनिवारी आला तेव्हा काकूंनी त्याला परत पाठवलं. "पुढच्या महिन्यात या," म्हणाल्या. काकांनी पेपरातून डोकं वर काढलं, पण कारण विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी एका रात्री पडद्यावर तो बसलेला दिसला. हिरवा, गुलाबी, पंख अजून पुरते कडक न झालेले. ऑक्टोबरचा उकाडा होता. पतंग उडाला आणि पात्यांत सापडला तर काय घ्या, म्हणून दोघांनी पंखा बंद केला, दिवा घालवला, गॅलरीचं दार उघडं टाकलं आणि डास मारत अंधारात बसून राहिले. बाराच्या सुमाराला पडदा हलला. बाहेर सिग्नलच्या दिशेला काहीतरी गेलं, किंवा गेल्यासारखं वाटलं.

पुढे तगरीला नवी पालवी आली. पालवी आली म्हणून काकांनी खत घातलं. आणि दिवाळीची साफसफाई चालली असताना काकूंची केरसुणी त्याच कुंडीपाशी थांबली. फरशीवर दाणे होते, मोहरीएवढे.

"अहो," त्यांनी हाक मारली, "श्रीखंडाचा डबा टाकला नाहीत ना?"